ढब्बू घरात करत नाही

तक्रार निवारण खात्याच्या उपसंचालकांच्या घरी नव्याने दाखल झालेल्या कुत्र्याच्या पिल्लाने पहिल्याच रात्री दिवाणखान्यात ओल केली, ही बाब सकाळी स्वतः उपसंचालकांच्या डाव्या मोज्याच्या निदर्शनास आली. मोजा बदलण्यात आला. दुसऱ्या दिवशी उजव्या मोज्यालाही तोच अनुभव आला, तेव्हा प्रकरण एका पायापुरते मर्यादित नाही, हे स्पष्ट झाले.

उपसंचालकांना खात्यात साहेब म्हणत. इमारतीतही साहेब म्हणत. घरात मात्र मुलगी 'बाबा' म्हणे, वडील 'अरे' म्हणत आणि पत्नी काहीच न म्हणता सरळ बोलायला सुरुवात करी. या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणे. वडील म्हणजे आप्पा. ते निवृत्त होते आणि त्यांची कॉट दिवाणखान्यात खिडकीखाली होती. पिल्लू आणले कॉलेजात जाणाऱ्या मुलीने. चारही बाजूंनी सारखेच गोल असल्यामुळे त्याचे नाव ढब्बू पडले.

दिवसा ढब्बूची वागणूक अत्यंत समाधानकारक होती. गरज लागली की तो दारापाशी जाऊन कुईकुई करी, मुलगी त्याला खाली नेई, तो झुडपापाशी काम उरकी आणि शेपटी हलवत वर येई. रात्रीही तो तीच पद्धत अवलंबी. दारापाशी जाई, कुईकुई करी, वाट पाही. दार उघडत नसे. मग कोणतेही समंजस पोट जे करेल ते तो करी. थोडक्यात, अर्जदाराने रीतसर अर्ज केला होता, पण खिडकी बंद होती.

गोष्ट तळमजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. तिथे इमारतीचे सेक्रेटरी राहत. नियमांवर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. प्रेम बायकोवरही होते, पण ती नियमावलीत नव्हती. ते वर आले, दारातच उभे राहिले आणि हवा हुंगून म्हणाले, "साहेब, घरात घाण करणारा प्राणी इमारतीत ठेवता येत नाही. नियम आहे. महिनाअखेर आम्ही पाहणीला येऊ. तोवर शिकलं तर आनंद आहे. नाहीतर जिथून आणलंत तिथं पोचवा."

"ढब्बू गेला तर मीही जाईन," मुलगी पिल्लाला छातीशी धरून म्हणाली.

"कुठं?"

"हॉस्टेलवर."

वहिनींचा चेहरा उतरला. साहेबांचाही उतरला. एक तर पोर एकुलती एक, आणि दुसरे म्हणजे घरातला टीव्ही नेमका कसा चालू होतो हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते.

सगळे ढब्बूला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी त्याचे पोट दाबून पाहिले, त्याने त्यांच्या हातावर शू केली, बाईंनी हात धुतला. "अगदी ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे हो अजून. रात्रभर धरवत नाही त्याला. मध्ये एकदा कोणीतरी उठा, खाली न्या, केलंन की पाठ थोपटा. थोड्याच दिवसांत शिकेल."

"आणि?" साहेबांनी विचारले.

"आणि काय? उठायचं."

"नाही, म्हणजे एखादी योजना, आराखडा, टप्पे वगैरे?"

"गजर लावा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मांजराला आत बोलावले.

घरी आल्यावर रात्री कोणी उठायचे, या एकमेव प्रश्नावर चर्चा सुरू झाली.

"मी दिवसभर बघतेच ना त्याचं," मुलगी म्हणाली. "शिवाय माझी परीक्षा आहे."

"कधी?"

"होईलच की कधीतरी."

"माझ्याकडे बघू नका," वहिनी म्हणाल्या. "या घरात सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं? आता रात्रीही मीच उठायचं म्हटलं तर झोपू कशाला? उभीच राहते."

साहेबांना उठता येणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी कचेरीत ताजेतवाने झोपायचे, तर रात्री झोप पुरी व्हावी लागते.

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "मी तर रात्रभर जागाच असतो."

तिघांनीही त्यांच्याकडे आशेने पाहिले. ढब्बूनेही पाहिले.

"मग आप्पा, तुम्हीच जरा..."

"जागा असतो म्हणालो. उठलेला नसतो. दोन्हींत फरक आहे."

"अहो, पण तो दारापाशी कुईकुई करतो ती ऐकू येत असेल ना?"

"ऐकू येते तर! अगदी स्वच्छ ऐकू येते. कधीकधी वाटतं, बिचाऱ्याला कोणीतरी खाली न्यायला हवं."

"मग सांगितलं का नाहीत आम्हाला?"

"मला कोणी विचारलेलं नाही," आप्पा म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

साहेबांनी हात वर करून सर्वांना शांत केले. "उठणं हा तात्पुरता उपाय झाला. आज उठलो, उद्याही उठावं लागणार. मला कायमचा तोडगा हवा."

इथे साहेबांच्या खात्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. या खात्यात एकही तक्रार शिल्लक नव्हती आणि एकही तक्रार सुटलेली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधण्याचे कसब साहेबांचे. एका रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लोकांनी फारच ओरड केली, तेव्हा साहेबांनी त्या रस्त्याची नोंद 'नियोजित तलाव' अशी करून घेतली. तलावात खड्डा असल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. उलट, तलाव अजून पुरेसा भरत नाही अशी एक आली, ती पाणीपुरवठ्याकडे धाडण्यात आली.

तेव्हा साहेबांनी खिशातून खडू काढला. दाराशेजारी चपलांचे कपाट होते, त्याच्याभोवती वाकून एक ठसठशीत रेघ मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आजपासून हे बाहेर."

"बाबा, हा आपला हॉल आहे."

"होता. सेक्रेटरींची हरकत कशाला आहे? घरात करण्याला. घराची हद्द कुठं संपते, हे नियमात कुठंही लिहिलेलं नाही. मी पाहिलंय."

योगायोग असा, की त्या रात्री ढब्बूने नेमके चपलांच्या कपाटापाशीच केले. साहेबांनी न्याहारीच्या वेळी यशाची घोषणा केली, ढब्बूला बिस्किट दिले आणि स्वतःही एक घेतले. पुढच्या रात्री मात्र ढब्बूने टीपॉयचा पाय निवडला. टीपॉय रेघेच्या पलीकडे, म्हणजे घरात होता.

आता दोनच मार्ग होते. पिल्लाला रेघेपाशी आणायचे, किंवा रेघ पिल्लापाशी न्यायची. पिल्लाला आणायचे तर रात्री उठावे लागले असते. रेघ हलवायला सकाळी चहानंतर निवांत वेळ होता. साहेबांनी जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसली आणि टीपॉयच्या पलीकडून नवी मारली. याला ते हद्दीची फेरआखणी म्हणत. मग सोफा बाहेर गेला. मग टीव्ही गेला. मग काचेचे कपाट आणि त्यातली साहेबांना खात्याकडून मिळालेली सन्मानचिन्हे गेली. शेवटी रेघ आप्पांच्या कॉटखालून पलीकडे निघाली आणि भिंतीला टेकली, तेव्हा दिवाणखाना संपला होता.

वहिनी नीटनेटक्या. त्यांना खोटे चालेल, पण अर्धवट चालत नसे. दिवाणखाना बाहेर म्हटल्यावर बाहेरच्या चपला आत आणायच्या नाहीत, म्हणून चपलांचे कपाट झोपण्याच्या खोलीच्या दाराशी आले. दारावरची बेल काढून स्वयंपाकघराच्या चौकटीवर लावण्यात आली. सोफ्यावर बसायचे तर त्या पावडर लावून, साडी बदलून निघू लागल्या. "चार लोकांत जायचं म्हणजे कसंही जाता येत नाही," त्या म्हणत. आणि घरात फार पूर्वीपासून एक नियम होता, की मुलीने रात्री नऊनंतर बाहेर राहायचे नाही.

"आई, मी सोफ्यावर बसलेय! मालिका बघतेय!"

"सोफा बाहेर आहे. आधी आत ये. लोक काय म्हणतील?"

"कुठं आहेत लोक?"

"आप्पा आहेत ना."

आप्पांनी मात्र हा अन्याय मुकाट्याने सोसला नाही. त्यांनी आपल्या मुलीला, म्हणजे साहेबांच्या बहिणीला, फोन लावला. "पोरी, मला घराबाहेर काढलं गं."

"काय? कोणी?"

"तुझ्या भावानं. खडूनं."

आत्या मिळेल त्या गाडीने, वाटेत सर्व नातेवाइकांना कळवत, डोळे पुसत येऊन थडकली. ती आली तेव्हा आप्पा आपल्या कॉटवर, आपल्या गादीवर, आपल्या खिडकीखाली, कानटोपी घालून बसले होते. त्या जागेवर आजवर कधीही न वाजलेली थंडी त्यांना रेघ पडल्यापासून वाजू लागली होती.

"दादा, लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बापाला बाहेर झोपवतोस?"

"अगं, कॉट तीच आहे. पंखा तोच आहे. चहा वेळेवर मिळतो."

"बाहेर काढून वर चहाचं कौतुक! आप्पा, चला माझ्याकडे."

"नको गं," आप्पा घाईने म्हणाले. "तुझ्याकडे मला कोणी काढलेलं नाही. मग तिथं बसून तक्रार कसली करू?"

आत्या रडत रडत परत गेली. जाताना 'आत येऊन चहा तरी घे' असा आग्रह वहिनींनी तिला केला, तेव्हा तासभर सोफ्यावर बसून आपण कुठे होतो, याचा विचार करत ती जिना उतरली.

महिनाअखेर सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन पाहणीला आले. सोफ्याच्या पायाशी रात्रीची ओल चमकत होती. मुलीने ढब्बूला इतके घट्ट धरले, की त्याचे डोळे मोठे झाले.

"साहेब, हे काय आहे?"

"ते बाहेर आहे," साहेब म्हणाले.

दुसरा कोणी असता तर हसला असता. सेक्रेटरी हसले नाहीत. ते खाली वाकले, त्यांनी चष्मा पुसून रेघेचे निरीक्षण केले आणि ती कुठे तुटलेली नाही याची खात्री करून घेतली.

"म्हणजे या रेघेच्या अलीकडचा भाग तुमच्या घरात मोडत नाही?"

"मुळीच नाही."

"लेखी द्याल?"

"आनंदाने."

साहेबांनी लिहून दिले. सेक्रेटरींनीही तिथेच उभ्या उभ्या दाखला दिला : सदर पिल्लू घरात करत नाही. मुलीने ढब्बूचे नाक चुंबले. वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग सेक्रेटरी जाता जाता, चपला घालत म्हणाले, "घर नाही म्हणजे मग सामायिक जागा झाली. बरं झालं, आपल्याकडे जागेची टंचाईच होती."

दुसऱ्याच दिवसापासून दिवाणखान्याला बरे दिवस आले. काचेच्या कपाटावर इमारतीचा सूचना फलक लागला. सोफ्यामागे सायकली लागल्या. वॉचमनने आपली मोडकी खुर्ची सोडून सोफ्यावर बसायला सुरुवात केली, आणि तो बसला म्हणून त्याच्याशी गप्पा मारायला वरच्या मजल्यावरचे दोन काका येऊ लागले. वहिनींनी एकदा पंखा बंद केला, तर काका म्हणाले, "वहिनी, असं कसं? सामायिक पंखा आहे." इमारतीतली इतर कुत्रीही इथेच फिरायला येऊ लागली, कारण खाली ऊन लागे. न्यायाने सांगायचे तर एक फायदाही झाला. फरशी आता इमारतीचा सफाईवाला पुसत असे, आणि ती वहिनींच्या मते पूर्वीपेक्षा स्वच्छ निघे. आप्पांच्या कॉटवर मात्र लोक जाता-येता पिशव्या ठेवू लागले, तेव्हा आप्पाही आत आले. झोपण्याच्या खोलीत चौघांच्या गाद्या जमिनीवर ओळीने पडू लागल्या. ढब्बूला ही व्यवस्था सर्वांत आवडली. त्याला आता माणसे एकत्र सापडत.

एका गोष्टीचा विचार आखणीच्या वेळी राहून गेला होता. न्हाणीघर आणि संडास दिवाणखान्याच्या पलीकडच्या टोकाला होते. आत काही नव्हतेच.

म्हणजे ज्यांना कुत्र्यासाठी रात्री उठणे शक्य नव्हते, ते सगळे आता स्वतःसाठी उठू लागले. नुसते उठून भागत नसे. चपला, किल्ली, बॅटरी. वहिनी तर साडी नेसत. शिवाय रात्री सामायिक जागेत फिरणाऱ्या प्रत्येकाला वॉचमनने हटकावे असा नियम होता. वॉचमन कर्तव्यदक्ष होता आणि त्याला कमी ऐकू येत असे. तो विचारी, "कोण? कशासाठी?" उत्तर द्यावे लागे. मग तो कानामागे हात धरून म्हणे, "मोठ्यानं बोला."

मात्र जो कोणी उठेल त्याच्यामागे ढब्बूही उठे. वॉचमनला तेवढीच पाय मोकळे करायची संधी. तो दार उघडून ढब्बूला झुडपापर्यंत नेई, काम झाले की पाठ थोपटे आणि परत आणी. थोड्याच दिवसांत ढब्बू पूर्ण शिकला. घरात नाही, बाहेर नाही, सोफ्यापाशी नाही, कुठेच नाही.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "काटेकोर हद्द आखली, की शिस्त आपोआप येते." या विषयावर त्यांनी खात्यात व्याख्यानही दिले.

"मग आता रेघ पुसूया ना बाबा?" मुलीने विचारले.

साहेब सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतले. "पुसा की. तुमची रेघ. पण पुसलीत तर ती जागा पहिल्यापासून घरच होती असं ठरेल. मग मागचं सगळं घरात झालं. मग दाखला रद्द. मग पिल्लू..."

साहेब परत आले आणि त्यांनी खडू पुन्हा खिशात ठेवला. आयुष्यात प्रथमच त्यांची गाठ त्यांच्याच तोडीच्या माणसाशी पडली होती.

आणि मग एका सकाळी झोपण्याच्या खोलीत, घराच्या अगदी गाभ्यात, ओल निघाली.

वॉचमनला ऐकू कमी येत असले तरी नाक शाबूत होते. चहा उकळायच्या आत सेक्रेटरी खोलीच्या दारात हजर झाले. ओल साहेबांच्या गादीवर होती. साहेब गादीवर बसून होते आणि त्यांनी गोधडी कमरेपर्यंत घट्ट ओढून घेतली होती. झाले होते एवढेच, की आदल्या रात्री वॉचमनने 'कशासाठी?' विचारले असता, उपसंचालक दर्जाच्या माणसाने ते मोठ्याने सांगणे साहेबांना प्रशस्त वाटले नव्हते. ते तसेच परत फिरले होते.

"हे कोणी केलं?" सेक्रेटरींनी विचारले.

"ढब्बूनं," साहेब म्हणाले.

नाव ऐकताच ढब्बू मुलीच्या अंथरुणातून उठला, शेपटी हलवत आला आणि खडखडीत कोरडा असा सर्वांसमोर बसला. वहिनी छताकडे पाहू लागल्या. छताला काहीही झालेले नव्हते.

"मी जागा होतो," आप्पा म्हणाले.

साहेबांचा घसा कोरडा पडला. तेवढाच कोरडा होता.

"पण मला कोणी विचारलेलं नाही," आप्पांनी वाक्य पुरे केले.

"तेव्हा घरात झालं," सेक्रेटरी म्हणाले. "दाखला रद्द. आज संध्याकाळपर्यंत पिल्लू हलवा."

मुलीने वडिलांकडे पाहिले. "बाबा, उठा."

"कशाला?"

"नुसतं उठा. एकदा."

साहेबांनी पिल्लाकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, दारातल्या सेक्रेटरींकडे आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या दोन काकांकडे पाहिले. गोधडी आणखी वर ओढली आणि म्हणाले, "मी उठणार नाही."

तेव्हा मुलगी खुंटीपाशी गेली. तिने साहेबांच्या सदऱ्याच्या खिशातून खडू काढला, गुडघ्यांवर बसली आणि साहेबांच्या गादीभोवती, चारही कोपरे सांभाळत, गोधडीची लोंबती कड उचलून, एक सरळ, स्वच्छ रेघ मारली. मग उभी राहून हात झटकले.

"सेक्रेटरीकाका, नीट बघा. घरात काही झालेलं नाही. बाबा बाहेर झोपले होते."

सेक्रेटरी वाकले. त्यांनी चष्मा पुसला. रेघेची दोन्ही टोके एकमेकांना टेकली आहेत की नाहीत, ते बोटाने तपासले. टेकली होती.

"लेखी द्याल?"

"आनंदाने," वहिनी म्हणाल्या.

ढब्बू त्या घरातच आहे, मोठा झाला आहे आणि त्याच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही. साहेबांची गादी नियमानुसार सामायिक जागेत मोडते. दुसऱ्या मजल्यावरची एक तीनचाकी तिच्या पायथ्याशी लावलेली असते, आणि रविवारी काकांपैकी एक तिथे आडवे होतात. साहेबांनी याबद्दल कुठेही दाद मागितलेली नाही, कारण ती मागायची कोणाकडे आणि पुढे तिचे काय होते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक?

ही हकिकत वाचून ज्यांना हसू आले असेल, त्यांनी आपण बसलो आहोत त्या जागेभोवती कोणी रेघ तर मारून ठेवलेली नाही ना, एवढे एकदा उठून पाहावे.

उठत नाही म्हणता?

वाटलंच.